हीटरमधली हवा

डॅशबोर्डच्या आतून पाणी खळखळल्याचा आवाज आला, तेव्हा मी आधी छोट्या आरशात ठकूकडे पाहिलं आणि मग तापमानाच्या काट्याकडे. आवाज कुठलाही असो, पहिली नजर ठकूकडे. कुकरची शिट्टी, दाराची कडी, शेजारचा कुत्रा, कुणाच्या हातून पडलेलं झाकण. काय पडलं ते मला मागाहून कळतं, ठकूची मान वळली की नाही ते आधी.

वळली नव्हती. मागच्या सीटवर, तिच्या छोट्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली ती आजीच्या चष्म्याची दोरी चघळत होती.

“बाबा, आत काहीतरी खळखळतंय.”

माझे सासरे शेजारी बसले होते. त्यांनी क्षणभर डॅशबोर्डकडे पाहिलं आणि मान डोलावली. “हो, हो. नवीन कूलंट आहे ना. जागा करून घेतंय.”

“जागा करून घ्यायला ते काय भाडेकरू आहे?” मागून सासूबाई म्हणाल्या.

“तू ठकूकडे बघ.”

“बघतेच आहे. तुम्ही गाडीकडे बघा.”

ठकूला ऐकू येतं की नाही, हे आज कळणार होतं. घाटापलीकडच्या मोठ्या शहरात कानाची तपासणी होती. बाळाच्या डोक्याला वायरी चिकटवायच्या, कानात बारीक टिकटिक सोडायची आणि ती मेंदूपर्यंत पोचते का ते यंत्रावर बघायचं. बाळाला काही विचारावं लागत नाही, त्यानं फक्त झोपायचं. घोळ तिथंच होता. ठकूची छाती सारखी भरते, त्यामुळे तिला झोपेचं औषध द्यायचं नव्हतं. तिनं आपणहून झोपायचं, तेही तिथं गेल्यावर, तपासणीच्या वेळीच.

“सकाळी लवकर उठवा, वाटेत अजिबात झोपू देऊ नका, भुकेली आणि पेंगुळलेली आणा,” तपासणीवाल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं. “गाडीत झोप झाली तर इथं ती टक्क जागी राहील आणि आपण सगळे तिच्याकडे बघत बसू. मग पुन्हा नंबर लावावा लागेल.”

पुन्हा नंबर म्हणजे पुन्हा कितीतरी आठवडे पातेल्यावर चमचा वाजवून बघणं. ठकूच्या मागे उभं राहून टाळी वाजवणं, मग तिनं पाहिलं ते आवाजाला की माझ्या सावलीला, यावर रात्रभर विचार करणं. मला ते आता झेपलं नसतं.

ठकूच्या वडिलांना सुट्टी मिळाली नव्हती. ते दूर कामावर आणि सकाळपासून त्यांचे फोन. म्हणून गाडी माझ्याकडे, रस्ता बाबांकडे आणि ठकूला जागं ठेवण्याचं खातं सासूबाईंकडे, अशी वाटणी झाली होती. सासूबाईंनी घरातून निघाल्यापासून गाणी सुरू केली होती. एक संपलं की लगेच दुसरं, मध्ये श्वास घ्यायचीसुद्धा फुरसत नाही.

“अगं, जरा हळू म्हण,” बाबा म्हणाले. खरं म्हणजे त्यांना गाण्यांचा कधीच त्रास होत नाही.

बाबा आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. घरात कुठं काही गळलं की अजूनही त्यांचा चेहरा उजळतो. घाटाचा रस्ता आहे, इंजिन गार ठेवणारं कूलंट जुनं झालंय, ते बदलल्याशिवाय निघायचं नाही, हे त्यांनीच काढलं. मी म्हटलं, गॅरेजवाल्याकडे टाकू. तर म्हणाले, “गॅरेजवाल्याची नात आहे का ती?” मग आदल्या दिवशी दुपारभर अंगणात पाठ टेकून गाडीखाली. जुनं, गंजट झालेलं पाणी त्यांनी बादलीत सोडलं, ते कसं दिसतंय हे सगळ्यांना बोलावून दाखवलं, हिरवंगार नवीन कूलंट ओतलं, झाकण लावलं आणि गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. “लोणी,” ते म्हणाले.

त्या गाडीत आणखी एक काम झालेलं होतं, ते सासूबाईंचं. ठकूला दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा त्या तिला घेऊन पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि उन्हाळा असल्यामुळे झरोक्यातून गार वारा चालू होता. ठकूच्या कानांची शंका आम्हाला आली, त्या दिवसापासून सासूबाईंनी तो वारा मनात धरून ठेवला. तोंडानं कधी म्हणाल्या नाहीत. पण एका सकाळी मी गाडीचं दार उघडलं, तर डॅशबोर्डच्या प्रत्येक झरोक्यात कापूस कोंबलेला आणि वरून औषधाची पांढरी चिकटपट्टी. गार-गरमची बटणं बंदवर फिरवून त्यांवरही पट्टी. गाडी नुकतीच ऑपरेशन करून घरी आल्यासारखी दिसत होती. डॉक्टरांनी सांगितलं, वाऱ्यानं कान जात नाहीत. सासूबाई “हो का, बरं बरं” म्हणाल्या आणि घरी येऊन त्यांनी पट्टीचा दुसरा थर चढवला.

घाट सुरू झाला. खळखळ पुन्हा आली, माझ्या डाव्या गुडघ्याच्या पुढून कुठून तरी, अर्धवट भरलेली बाटली हलवावी तशी. वळण घेतलं की जास्त, सरळ रस्त्यावर कमी. मी काट्याकडे पाहिलं. तो नेहमी मध्याच्या जरा खाली असतो. आता मध्यावर होता. मग खाली गेला. मला बरं वाटतंय तोवर पुन्हा चढला, या वेळी मध्याच्या पुढे.

“बाबा, काटा वर जातोय.”

“चढ आहे.”

“चढावर इतका नाही जात.”

“तू सारखी त्याच्याकडे बघतेस, म्हणून जातो,” बाबा हसून म्हणाले. पण हसू पुरतं व्हायच्या आत त्यांनीही वाकून काट्याकडे पाहिलं.

लगेच थांबता येण्यासारखी जागा नव्हती. एकीकडे डोंगर, दुसरीकडे कठडा, मागे ट्रक. मला गाडी शिकवणाऱ्या बाई आठवल्या. इंजिन तापलं आणि थांबायला जागा नसली, तर हीटर पूर्ण उघडायचा, आतली धग गाडीत येते, तुम्ही घामाघूम व्हाल पण इंजिन वाचेल, असं त्या म्हणायच्या.

“बाबा, ती पट्टी काढा. हीटर लावायचाय.”

“काय?”

“पट्टी! बटणावरची!”

“अगं बाई, वारा!” सासूबाई ओरडल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी ठकूचे कान झाकले. कानटोपीवरून.

बाबांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तेवढ्यात मीच एका हातानं पट्टी ओरबाडली, बटण लालवर फिरवलं आणि पंखा सोडला. समोरच्या झरोक्यातला कापूस पट्टीसकट उडाला आणि बाबांच्या मिशीवर जाऊन बसला. एरवी मी हसले असते. पण त्या झरोक्यापुढे मी हात धरला होता आणि त्यातून येणारा वारा गार होता.

कोमट नाही, गार. काटा लाल रेघेला टेकायला आलेला आणि हीटर गार.

पुढच्या वळणावर रस्ता थोडा रुंद होता. मी गाडी कडेला घेतली, चढाकडेच तोंड करून, आणि इंजिन बंद केलं. पुढच्या बाजूनं फुसफुस ऐकू येत होती. ट्रक हॉर्न देत पुढे गेला. ठकूची मान कुणीकडेच वळली नाही.

बाबा बॉनेट उघडायला गेले. मी त्यांच्या मागे धावले. “झाकण उघडू नका हं! गरम पाणी उडतं!”

“पंपघरात मी काय गोट्या खेळत होतो?” ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी बॉनेट वर टेकवलं आणि मागे हात बांधून नुसते बघत उभे राहिले.

मी तपासणीवाल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, दुपारनंतर त्यांची दुसऱ्या दवाखान्यात पाळी असते, त्याच्या आत आलात तर बघते. “झोपू मात्र देऊ नका.”

मी मागं वळून पाहिलं. ठकूचे डोळे बारीक झाले होते. मान एकदा पुढे आली, तिनं दचकून वर केली, पुन्हा पुढे आली. थांबलेल्या गाडीत कुणाचंही असंच होतं.

“आई, तिला बाहेर काढा! झोपतेय ती!”

सासूबाईंनी तिला उचललं आणि कठड्याच्या आतल्या बाजूनं येरझाऱ्या सुरू केल्या. त्यांची गाणी संपली होती. आता त्या पाढे म्हणत होत्या, खड्या आवाजात, एखाद्या वर्गाला दटावल्यासारखे. “बघ, आजोबांनी गाडी कशी लोण्यासारखी केलीये. वितळली!” असं मध्ये एकदा, आणि पुन्हा पाढे.

बाबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते कूलंटच्या प्लास्टिकच्या डब्याकडे बोट दाखवत होते. “हे बघ, खुणेपर्यंत भरलेलं आहे. काल मी स्वतः भरलंय. रेडिएटरही काठोकाठ होता. कमी कुठं आहे?”

मला त्यांचा चेहरा बघवेना. “मग हीटरचा वारा गार का येतो, बाबा?”

“गार येत होता?”

“बर्फासारखा.”

“इंजिन उकळतंय आणि हीटर गार.” ते पुटपुटले. “टाकी भरलेली आणि टोकाच्या घराला पाणी नाही.” मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “हवा! अगं, हवा अडकलीये! लोकांच्या नळातली हवा काढण्यात माझी हयात गेली आणि माझ्याच गाडीत...”

काल झालं होतं ते असं. आमची गाडी जुनी. तिच्यात बटण बंदवर असलं की हीटरकडे जाणारी तोटीच मिटते, तिकडे पाणी फिरत नाही. बाबांनी जुनं पाणी सोडलं, नवं ओतलं, तोटी मिटलेलीच. वरच्या नळीत आणि हीटरमध्ये हवा तशीच बसून राहिली. रेडिएटर मात्र वरून भरलेला दिसला. आज घाटात ती हवा हलायला लागली आणि इंजिनात शिरली. हवेला काही पाण्यासारखी धग वाहून नेता येत नाही.

“बटण उघडं असतं, तर काल नळी गरम झाली असती, झरोक्याला हात लावून कळलं असतं,” बाबा म्हणाले. आम्ही दोघांनी एकदमच सासूबाईंकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय?” त्या लांबून म्हणाल्या. “सोळा साते किती ते सांगा. पुढचं आठवेना.”

इंजिन निवेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी दर थोड्या वेळानं ठकूकडे आणि घड्याळाकडे बघत होते. बाबांनी डिकीतून उरलेलं कूलंट काढलं, पाण्याची बाटली कापून तिचं नरसाळं केलं, जुना टॉवेल घडी करून झाकणावर ठेवला. नळीला हात लावून बघितला, पुन्हा थांबले, पुन्हा हात लावला. मग टॉवेलसकट झाकण अगदी हळूहळू फिरवलं. आतून एक लांब उसासा आला आणि सगळं शांत झालं. गाडीचं तोंड चढाकडे होतं, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यांत वर. “हे बरं केलंस, उतारावर तोंड करून लावली असतीस तर वळवावी लागली असती,” ते म्हणाले. मी मुद्दाम केलं नव्हतं, पण मान डोलावली.

नरसाळं बसवलं, त्यात कूलंट ओतलं. मी गाडी चालू केली, हीटर पूर्ण लालवर, पंखा बारीक. मग खाली उतरून बाबांच्या शेजारी उभी राहिले. आधी काहीच होईना. नरसाळ्यातलं हिरवं पाणी नुसतं थरथरत होतं.

“आत आवाज येतोय का अजून?” बाबांनी विचारलं.

मी खिडकीतून डोकं आत घातलं. “येतोय. खळखळ आहे.”

“वरच्या नळीपाशी का खालच्या?”

“तुम्हीच ऐका ना इथं येऊन.”

“तू सांग. तुझे कान चांगले आहेत.”

ते नळीकडेच बघत होते. टीव्हीचा आवाज, जेवताना चारदा विचारलेलं “काय?”, प्रत्येक गोष्टीला “हो, हो” म्हणणं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच त्याला नाव दिलेलं नाही. सकाळी खळखळ आली तेव्हाही ते “हो, हो”च म्हणाले होते.

“वरच्या,” मी म्हटलं.

त्यांनी हाताला टॉवेल गुंडाळून वरची नळी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. पंख्याच्या बाजूला हात जाऊ नये म्हणून मी त्यांचा शर्ट मागून धरून ठेवला होता. ते पुढे वाकलेले असतानाच बोलले, मान न वळवता. “तुला एक विचारू? घरात दुसरं कुणी असं नाही. तुझ्या माहेरीही नाही. मग हे माझ्याकडून तर उतरलं नसेल ना तिच्यात?”

मी इतके महिने ठकूची मान बघत होते. तिच्याकडे बघणारे बाबा मला दिसलेच नव्हते. आता आठवलं, मी पातेल्यावर चमचा वाजवायला लागले की ते उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, कंटाळतात.

“ते आज विचारू,” मी म्हटलं. “तिथंच विचारू त्यांना.”

“नको. तू विचारू नकोस.”

तेवढ्यात नरसाळ्यात पहिला बुडबुडा आला. मोठा, गोल, हिरवा, आणि फुटताना “बुडुक” असा आवाज. पाणी झपकन खाली गेलं. बाबांनी वरून ओतलं. पुन्हा बुडबुडा. मग एकामागून एक.

“आली! आली बघ!” बाबा ओरडले. “अगं, इकडे आण तिला, दाखव!”

“लांबून! आई, अजून लांब!” मी ओरडले.

सासूबाई ठकूला घेऊन माझ्या खुणेच्या जागी उभ्या राहिल्या. ठकूचे डोळे जवळजवळ मिटले होते. बाबांनी नळी दाबली. बुडुक. ठकूनं डोळे उघडले. बुडुक. बाबांनी गाल फुगवून तस्साच आवाज काढला, कापूस अजून मिशीत तसाच. ठकू हसली. अगदी बोळकं दिसेपर्यंत हसली. मग प्रत्येक बुडबुड्याला हसायला लागली, पाय झाडत. सासूबाईंना तिला सांभाळणं कठीण झालं.

ती आवाजाला हसतेय, बुडबुड्याला की आजोबांच्या तोंडाला? मी एक पाऊल बाजूला सरकून बघायला लागले, नेहमीसारखी. पण बाबा म्हणाले, “तिकडे काय बघतेस, ओत!” म्हणून मी ओतत राहिले.

डबा संपत आला तेव्हा बुडबुडे बारीक झाले, मग तुरळक, मग थांबले. मी आत हात घालून झरोक्यापुढे धरला. चटका बसावा इतका गरम वारा. काटा आपल्या जागी, मध्याच्या जरा खाली. आतला आवाज गेला होता.

“गेली?” बाबांनी विचारलं.

“गेली.”

त्यांनी झाकण लावलं, दोनदा तपासलं आणि टॉवेलनं तोंड पुसलं. तोंड हिरवं झालं.

उरलेला घाट मी हीटर चालू ठेवूनच चढले. सगळ्या काचा उघड्या, सगळे घामाघूम आणि मागे ठकूला आजीचा गजर, “झोपायचं नाही, झोपायचं नाही, कानटोपी काढते हवी तर, पण झोपायचं नाही!” आणि खरंच सासूबाईंनी कानटोपी काढली. इतक्या महिन्यांत प्रथमच.

आम्ही पोचलो तेव्हा तपासणीवाल्या बाई पर्स खांद्याला लावून दारात उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. माझे केस, बाबांचं हिरवं तोंड, सासूबाईंच्या कडेवर किंचाळणारी भुकेली ठकू. पर्स परत खुंटीला गेली.

छोट्या काळोख्या खोलीत मी ठकूला पाजायला घेतलं. तिनं चार घोट घेतले असतील नसतील, आणि झोपली. अशी झोपली की हात उचलून सोडला तर पडेल. बाईंनी कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवल्या, कानांत छोटी बोंडं बसवली आणि पडद्यावर रेघा नाचायला लागल्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी बाईंचा चेहरा बघत होते. त्यांनी एकदा ओठ आवळले, मी ठकूचा पाय घट्ट धरला. नंतर कळलं, त्यांना शिंक येत होती.

बराच वेळ गेला. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली.

“उजवा कान छान आहे,” त्या म्हणाल्या. “डावा कमी ऐकतो. बराच कमी. अजून एकदा बघून घेऊ, मग त्या कानाला यंत्र लावायचं का ते ठरवू.”

“म्हणजे तिला माझा आवाज...”

“येतो. तुमचा आवाज तिला पहिल्यापासून येतोय.”

मला एकदम उभं राहावंसं वाटलं आणि ठकू मांडीवर होती म्हणून राहता येईना. “पण ती मान वळवत नाही. मी मागून टाळी वाजवली तर वळत नाही.”

“आवाज कुठून आला हे कळायला दोन्ही कान लागतात ना. तिला टाळी ऐकू येते. कुणीकडे बघायचं ते कळत नाही.”

किती टाळ्या वाजवल्या होत्या मी. आणि ती पोरगी बिचारी प्रत्येक वेळी ऐकत होती.

बाईंनी सासूबाईंना आणि बाबांना आत बोलावलं, सगळं पुन्हा सांगितलं आणि विचारलं, “घरात आणखी कुणाला कमी ऐकू येतं का?”

सासूबाई छताकडे बघायला लागल्या. बाबांनी मला विचारू नकोस म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे मी ठकूच्या मोज्यात बोट घालून बसले.

“मला,” बाबा म्हणाले.

“कधीपासून?”

“पंपघरात असताना सुरू झालं. म्हणजे... हळूहळू.” त्यांनी टोपी हातात घेतली. “ते तिच्यात उतरलं का? मला खरं सांगा.”

“पंपाच्या शेजारी उभे राहायचात रोज?”

“रोज. पाळी असेल तेव्हा रात्रीही.”

“कानात काही घालायचात?”

“छे. घातलं तर पंपातला बिघाड कसा कळणार?”

बाई हसल्या. “आजोबा, यंत्रांच्या आवाजानं गेलेलं ऐकणं नातवंडांत उतरत नाही. तिचं वेगळं आहे, आणि बरेचदा अशा गोष्टींचं कारण सापडतही नाही. तुमची तपासणी मात्र मी करणार. सोडणार नाही.”

बाबांनी मान हलवली. “हो, हो” म्हणाले नाहीत.

“आणि वारा?” सासूबाईंनी विचारलं.

“कसला वारा?”

“गाडीतला. गार. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कानात गेला तर?”

“काही होत नाही, आजी.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. पण त्या खुर्चीवर बसल्या, खोलीत आल्यापासून पहिल्यांदा.

परत निघताना मी ठकूची खुर्ची सोडवून मागच्या दुसऱ्या दाराशी बांधली. आता आजी तिच्या उजव्या हाताला येत होती. सासूबाई वळसा घालून पलीकडून आत बसल्या आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन हळूच काहीतरी म्हणाल्या. जागी झालेली ठकू त्यांच्या चष्म्याकडे बघत राहिली.

मी गाडी सुरू केली, हीटर बंद केला आणि कान दिला. इंजिनाच्या घरघरीशिवाय काही नव्हतं.

“बाबा, खळखळ येते का?” मी जरा मोठ्यानं विचारलं.

“मला सकाळीसुद्धा आली नव्हती,” बाबा म्हणाले.

“अगं, लग्नात मी उखाणा घेतला तोही यांना आला नव्हता,” मागून सासूबाई म्हणाल्या. “नुसतं ‘हो, हो’ म्हणाले.”

“तेव्हा मी पंपघरात लागलोही नव्हतो!”

“मग तेव्हा काय झालं होतं?”

बाबांनी वाकून समोरच्या झरोक्याची उरलेली पट्टी सोलायला घेतली. ती निघाली, दुसरीही निघाली. तिसरी ठकूच्या बाजूची होती, तिला त्यांनी हात लावला आणि मागं पाहिलं.

“ती राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “एक राहू दे.”

राहू दिली. घाट उतरताना मी काट्याकडे फक्त वळणांवर बघत होते.